नाही म्हणण्याची ऐपत

"गेल्या हिवाळ्यात तुम्हाला घर पुरेसं उबदार ठेवता आलं का?"

संध्या हिवराळेनं टॅबवरचा प्रश्न वाचला आणि पिशोरच्या त्या ओट्यावर बसलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. सगळ्यांत आधी हसली ती सत्यभामा.

"ताई, उबदार ठेवायला काय करावं लागतं? वर पत्रा हाय. मे महिन्यात या, तव्याची गरजच नाय, भाकरी पत्र्यावर टाकू."

ओटा हसण्यानं दणाणला. संध्यालाही हसू आवरेना. तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या सहकाऱ्यानं, शिवराजनं, 'उपयोग नाही' या खुणेवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न काढला.

हा प्रश्न पोर्तुगालहून आला होता. तिथं थंडीच्या दिवसांत विजेच्या बिलाच्या धास्तीनं हीटर बंद ठेवून, घरातच स्वेटर-टोपी घालून बसणारी माणसं आहेत. त्यामुळं घर उबदार ठेवता येणं ही तिथली खाऊन-पिऊन सुखी असल्याची खूण. पिशोरमध्ये त्या खुणेचं काय करायचं?

पोर्तुगाल, घाना, बोलिव्हिया आणि भारत अशा चार देशांतल्या चार छोट्या संस्थांनी मिळून हा अभ्यास हाती घेतला होता. चारही ठिकाणची गरिबी आणि श्रीमंती एकाच मापानं मोजता येते का, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्येकानं आपल्याकडचे प्रश्न द्यायचे, सगळ्यांचे प्रश्न आपल्या गावात विचारायचे, आणि जो प्रश्न चारही देशांत गरीब घर आणि सुखवस्तू घर वेगळं काढून दाखवेल, तेवढाच ठेवायचा. ऐकायला सोपं होतं. पण गेले काही महिने एकेक प्रश्न गळत चालला होता.

घानाच्या अफुआनं मोठ्या खात्रीनं दिलेला प्रश्न होता, 'घरावर पत्रा आहे का?' तिच्या कोको पिकवणाऱ्या गावात गवताचं छप्पर जाऊन पत्रा आला की त्या घराचे दिवस पालटले असं समजतात. पिशोरमध्ये पत्रा म्हणजे ज्यांना अजून स्लॅब टाकायला जमलं नाही ते. एकच उत्तर, तिकडं श्रीमंतीचं, इकडं गरिबीचं! बोलिव्हियानं घरी लामा, म्हणजे तिकडची ओझं वाहणारी लोकरी जनावरं, किती ते विचारलं होतं. शिवराजनं तिथं शेळ्या घालून बघितल्या, तर गावातल्या सगळ्यांत मोठ्या बंगल्यात एकही शेळी निघाली नाही. संध्याचा स्वतःचा प्रश्नही टिकला नव्हता. तिनं घरातल्या मिक्सरबद्दल विचारलं होतं. त्यावर पोर्तुगालच्या तेरेझाबाई, ज्या सगळ्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या, त्यांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "म्हणजे तो नसतो कुणाकडे?"

आता पुढच्या आठवड्यात शेवटची बैठक होती. तोवर एकही सामाईक प्रश्न सापडला नाही, तर तेरेझाबाई सरळ उत्पन्नाचा आकडा घेणार होत्या. प्रत्येक देशातली कमाई तिथल्या बाजारभावानुसार डॉलरमध्ये बसवायची आणि मधोमध एक रेषा मारायची. संध्याचा त्या रेषेवर राग नव्हता. पण पिशोरमध्ये कुणाची कमाई महिन्यावर ठरत नाही, हे ती रोज बघत होती. वेचणीच्या दिवसांत जे घर रेषेच्या वर दिसेल, तेच उन्हाळ्यात खाली गेलेलं असेल.

दुपारी दोघं जेवायला शिवराजच्या काकांकडं गेले. काका म्हणजे तात्यासाहेब. पिशोरमध्येच चांगली बागायत, दारात ट्रॅक्टर, मोठा आवाज आणि मन तसं साफ. आज मात्र त्यांचं डोकं फिरलं होतं. काकूंनी ताटं वाढली तरी ते दारातच येरझाऱ्या घालत होते.

"काय झालं तात्या?" शिवराजनं विचारलं.

"काय व्हायचं राहिलंय? कापूस फुटून पांढरा फेक झालाय, वरून आभाळ भरून यायलंय, अन् बाया म्हणतात, येत नाय! तोंडावर सांगितलं त्या सत्यभामानं. तुमचा भाव परवडत नाय म्हणे. मका मोडायचं काम उक्तं घेतलंय तिच्या टोळीनं. माझ्या बापाच्या जन्मात मजुरानं नाय म्हटलेलं नाय ऐकलं मी!"

संध्याचा घास हातातच राहिला.

"तात्या, सगळ्याच नाही म्हणाल्या?"

"सगळ्या कशाला? केसरबाई येती की. ती एकटी काय वेचणार? तिला काय, बोलावलं की येती. कधीबी बोलवा, कितीबी द्या."

संध्यानं शिवराजकडं बघितलं. शिवराजला आधी काही कळलं नाही. मग त्याच्याही डोळ्यांत चमक आली. केसरबाई आणि सत्यभामा! सकाळी दोघींची मुलाखत झाली होती. घरं एकमेकींना लागून. दोन्हींवर पत्रा. दोघींकडं साधा फोन, दोघींकडं गॅस, दोघींकडं एकेक शेळी. जमीन दोघींनाही नाही. चार देशांचे मिळून जमवलेले सगळे प्रश्न त्या दोघींना विचारून झाले होते, आणि दोघींची उत्तरं तंतोतंत सारखी आली होती. त्या सगळ्या प्रश्नांच्या हिशोबानं त्या दोन बायांत काडीचाही फरक नव्हता.

"पण फरक आहे," संध्या जवळजवळ ओरडलीच. "केवढा मोठा फरक आहे! एक नाही म्हणू शकते, दुसरी नाही म्हणू शकत नाही!"

"अहो ताई, जेवा आधी," काकू म्हणाल्या.

"काकू, जेवते, पण उभ्यानं जेवले तर चालेल का?"

तात्यासाहेब चक्रावून बघत राहिले. आपल्या तक्रारीवर कुणी इतकं खूश होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

दोघं पुन्हा वस्तीवर पळत आले तेव्हा सत्यभामा मक्याच्या शेतावर निघायच्या तयारीत डोक्याला फडकं बांधत होती. संध्यानं तिला धापा टाकतच विचारलं, "सत्यभामाताई, गेल्या वर्षभरात तुम्ही एखादं काम नाकारलं का?"

"आता सकाळीच नाकारलं की! तात्यासायबाचं."

"कसं काय जमलं?"

"दहा-बारा जणी हाव आम्ही. एकीला नाय काम मिळालं तर दुसरी उसनं-पासनं देती. कुणाचं पोर आजारी पडलं तर तिच्या वाटणीची पात बाकीच्या ओढत्यात. मंग एकजात नाय म्हणायला काय भ्याव?"

केसरबाई शेजारच्या दारात उभी राहून ऐकत होती. पन्नाशीची, वाळकी, पदर घट्ट खोचलेली. संध्या तिच्याकडं वळली. "मावशी, तुम्ही कधी कुणाच्या कामाला नाही म्हणाला का?"

केसरबाईनं असं बघितलं, जणू विमान चालवता का म्हणून विचारलंय.

"मी? मी कसं म्हणंन बाई? मालक अंथरुणावर. यांच्या टोळीत रोज सकाळी टायमावर निघावं लागतं, मला त्यांचं सगळं आवरून निघावं लागतं. मी आपली ज्यानं बोलावलं त्याच्याकडं जाती. एकदा नाय म्हटलं अन् परत बोलावलंच नाय तर?"

"आम्ही कवा म्हणलो टायमावर ये म्हणून?" सत्यभामा फणकारली.

"तूच म्हणलीस. आखाडात."

"आखाडात पेरणीची घाई व्हती!"

आणि दोघींची जुंपली. आणखी बाया आल्या. कोण कुणाला नाही म्हणू शकतं यावर सगळी वस्ती बोलायला लागली. एकीनं सांगितलं की तिचा मुलगा वाळूजच्या कंपनीत आहे, पगार चांगला आहे, पण सुपरवायझरनं डबल पाळी सांगितली तर त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. दुसरी म्हणाली, माझा धनी तर उलटा, कुठल्याच कामाला हो म्हणत नाय, मग तो गावातला सगळ्यांत श्रीमंत झाला का? हशा, आरडाओरडा, पोरांचा गोंधळ. शिवराज लिहून लिहून दमला. संध्याचं तोंड लाल झालं होतं. घरागणिक ती तोच एक प्रश्न विचारत गेली, आणि जिथं जिथं बाकीच्या प्रश्नांना काही दिसत नव्हतं, तिथं तिथं हा प्रश्न घरं वेगळी करत गेला.

कन्नडकडं परतणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाजूला दाटीवाटीनं बसल्या बसल्याच तिनं अफुआला फोन लावला. रस्ता खडबडीत, आवाज तुटक, दोघींचं इंग्रजी आपापल्या पद्धतीचं.

"अफुआ, एक प्रश्न आहे. उद्याच विचारून बघशील?"

प्रश्न अफुआनं दोनदा म्हणवून घेतला. मग अफुआ म्हणाली, "उद्या कशाला? माझी आई इथंच आहे, तिला विचारते." आणि मागून एका बाईचा लांबलचक, तावातावाचा आवाज ऐकू यायला लागला. अफुआ हसत हसत म्हणाली, "तिनं फक्त हो की नाही सांगायचं होतं. आता संध्याकाळपर्यंत थांबणार नाही ती."

घरी पोचल्यावर संध्यानं चपलाही न काढता वडिलांना सगळं सांगितलं. मोतीराम हिवराळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. कुठलीही गोष्ट पुरती ऐकल्याशिवाय ते बोलत नसत. त्यांनी पुरतं ऐकलं, दोनदा मान डोलावली, आणि मग म्हणाले, "प्रश्न जबरदस्त आहे. पण माझ्या आज्याला यात कुठं बसवशील?"

"म्हणजे?"

"धोंडिबा. तुझे पणजोबा. गोष्ट तुला माहीत आहे."

संध्याला माहीत होती. लहानपणापासून ऐकलेली. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर धोंडिबानं गावाला सांगितलं की आजपासून मेलेली ढोरं ओढणार नाही. गावानं त्यांना शेतात घेणं बंद केलं, गिरणीवर दळण बंद केलं. शेवटी घरातलं भांडंकुंडं डोक्यावर घेऊन सगळे चालत शहरात आले आणि खडी फोडायला लागले.

"त्यांच्या घरात त्या दिवशी पीठ नव्हतं," मोतीराम म्हणाले. "आणि ते नाही म्हणाले. तुझ्या प्रश्नाप्रमाणं ते श्रीमंत. ज्या पाटलानं त्यांना उपाशी मारायचा प्रयत्न केला, त्याच्याच रांगेत बसतील."

संध्या मटकन खाली बसली. तिला एकदम सगळं हातातून निसटल्यासारखं वाटलं. वडील बरोबर होते. नाही म्हणणं ही नुसती ऐपत नसते. ऐपत नसतानाही माणसं नाही म्हणतात, आणि तेच 'नाही' तर लक्षात राहतं.

"मग प्रश्न गेला," ती म्हणाली.

"गेला कशाला? अर्धा विचारलास तू. शाळेत पोरगं उत्तर अर्धं देतं तेव्हा आपण काय करतो? पुढं विचारतो."

संध्या विचार करत बसली. धोंडिबा नाही म्हणाले, आणि पुढं? गाव सुटलं. सत्यभामा नाही म्हणाली, आणि पुढं? काही नाही, दुसऱ्या शेतात गेली. तात्यासाहेबांनी गेल्या वर्षी व्यापाऱ्याला नाही म्हटलं असेल, आणि पुढं? माल गोदामात ठेवला असेल. आणि केसरबाईला 'पुढं' नुसतं दिसलं तरी घाम फुटतो.

"नाही म्हटल्यावर काय भोगावं लागलं!" ती उडी मारून उठली. "पप्पा, दोन प्रश्न! नाही म्हटलं का? आणि म्हटल्यावर काय भोगावं लागलं?"

"आणि ज्यांनी म्हटलं नाही, त्यांना विचार, म्हटलं असतं तर काय झालं असतं." मोतीरामांचाही आवाज चढला होता. एरवी हळू बोलणारा माणूस खोलीभर हात हलवत फिरत होता. आतून आईनं विचारलं, "काय झालं, मॅच लागलीय का?"

पुढचे दिवस धांदलीचे गेले. शिवराजनं रोज पिशोर गाठलं. अफुआच्या गावात प्रश्नावरून दोन भावांचं कडाक्याचं भांडण झालं, पण उत्तरं मिळाली. बोलिव्हियाहून खाणकामगारांच्या वस्तीतली माहिती आली. फक्त लिस्बनकडून काही कळत नव्हतं.

बैठक संध्याकाळी होती. संभाजीनगरच्या शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या संस्थेचं ऑफिस होतं. खाली बाजार ऐन भरात, 'भैया, सस्ता लगा देंगे' चालू, रिक्षांचे हॉर्न. शिवराजनं खिडक्या बंद केल्या. पडद्यावर एकेक चेहरा उमटला. तेरेझाबाई नेहमीसारख्या शांत, चष्मा नाकावर.

"मी आधी माझ्या शंका सांगते," त्या म्हणाल्या. "असले प्रश्न मनाचे असतात. कुणाला काय भोगावं लागलं हे कसं मोजणार? म्हणून मी हा प्रश्न आमच्याकडं विचारायला टाळाटाळ केली."

संध्यानं बोलायला तोंड उघडलं, पण तेरेझाबाईंचं संपलं नव्हतं.

"शेवटी काल विचारला. आमच्या यादीत एक तरुण माणूस आहे. शिकलेला, पगार उत्तम, घर उबदार. आमच्या सगळ्या प्रश्नांनी तो वरच्या गटात. त्याला विचारलं, तुम्ही काही काम नाकारलं का? तो रडायला लागला. घराचं भाडं इतकं आहे, की एक महिना पगार चुकला तर तो रस्त्यावर. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही कामाला जातो आहे. आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारी शिंपीण राहते. पेन्शन तुटपुंजी, पण खोली स्वतःची. ती म्हणाली, मला ज्याचं नाक आवडत नाही त्याचे कपडे मी शिवत नाही."

पडद्यावरचे सगळे हसले.

"आम्ही आजवर त्या दोघांना उलटं लावत आलो," तेरेझाबाई म्हणाल्या. "मी आकडे रात्रीत तपासले. चारही देशांत हा प्रश्न घरं वेगळी करतो. आणि दुसरा भाग नसता तर बोलिव्हियात सगळं कोसळलं असतं, कारण तिथल्या संप करणाऱ्या खाणकामगारांनी नाही म्हटलं आणि सगळं गमावलं. दुसरा भाग कुणी सुचवला?"

"माझ्या वडिलांनी आणि मी मिळून," संध्या म्हणाली.

मग सगळे एकदमच बोलायला लागले. चारही भाषांत हा प्रश्न नेमका कसा विचारायचा? अफुआनं सांगितलं, त्यांच्याकडं 'डाबी' म्हणजे नाही, पण थोरामोठ्यांना तोंडावर 'डाबी' म्हणणं उद्धटपणा, म्हणून 'बोलावलं तरी गेला नाहीत का?' असं विचारावं लागेल. बोलिव्हियाचा मुलगा आयमारा भाषेतलं 'हानिवा' पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता. शिवराज म्हणाला, आमच्याकडं 'नाय' म्हणतात, आणि तो 'नाय' सगळ्यांनी आपापल्या सुरात म्हणून बघितला. उत्पन्नाची रेषा राहणार होती, पण आता ती एकटी नव्हती. हा प्रश्न दोन्ही भागांसह मुख्य पाहणीत जाणार, असं ठरलं. शिवराजनं आनंदाच्या भरात खिडकी धाडकन उघडली आणि सगळा शहागंज बैठकीत शिरला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तात्यासाहेब. शिवराजनं स्पीकर लावला.

"ती ताई हाय का तिथं? सांग तिला, काय लावून ठेवलं गावात! आज सकाळी केसरबाईला निरोप धाडला. तर म्हणती, नाय येत!"

संध्या खुर्चीतून उठली. "केसरमावशी? त्या म्हणाल्या?"

"मंग कोण? त्या दिवशी तुम्ही गेल्यावर बाया भांडभांड भांडल्या अन् शेवटी तिला टोळीत घेतली. उशिरा आली तरी चालंल म्हणे. मंग माझ्या कापसाचं काय व्हणार व्हतं?"

"तात्या, मग तुम्ही काय केलं?"

तात्यासाहेब आधी खाकरले. मग आवाज बराच खाली आला. "काय करणार? भाव वाढवून दिला. आता आख्खी टोळी वावरात हाय. दोन दिसांत उरकंल सगळं."

"मला मावशींशी बोलता येईल का? तुम्ही कुठं आहात?"

"वावरातच हाय. गाठोडी मोजून चालल्यात घरी. थांबा." आणि त्यांची हाक लांबवर ऐकू आली, "ए केसरबाई! तुझा फोन हाय, संभाजीनगरवरून!"

बायांची कुजबुज, हसू, पैंजणांचा आवाज. मग केसरबाईचा, फोन तोंडाला फारच जवळ धरलेला आवाज.

"व्हय, ताई?"

"मावशी, तुम्ही नाही म्हणालात?"

"म्हणले बाई. पाय लटलट कापत व्हते. ही सत्यभामा मागं हुबी व्हती, तिनं पाठीत चिमटा काढला, तवा निघालं तोंडातून."

"आणि म्हटल्यावर? काय झालं मग?"

केसरबाई विचारात पडली. पडद्यावर लिस्बन, घाना आणि बोलिव्हिया टक लावून ऐकत होते. त्यांना 'नाय' सोडून मराठीचा एक शब्दही कळत नव्हता.

"काय नाय," केसरबाई शेवटी म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "ताई, खरंच, काय बी झालं नाय!"